गोळी आणि गोळा

नाताळच्या सुट्टीत आमची लेक, जावई आणि दोन नातवंडे अमेरिकेहून आली होती. ओहायो राज्यात त्यांचे बिऱ्हाड आहे. पहिले दोन दिवस मंडळींनी झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या नातीने भोकाड पसरले. नाताळच्या दिवसांत तिच्या घरी 'मंकी ब्रेड' होतो, तो इथे का नाही?

वाचकहो, हा मंकी ब्रेड म्हणजे दालचिनीचा गोड पाव. फरक इतकाच की तो सुरीने कापायचा नसतो. पिठाचे लिंबाएवढे गोळे करायचे, ते लोण्यात बुडवून दालचिनी-साखरेत घोळवायचे, भांड्यात एकमेकांना चिकटून रचायचे आणि भाजायचे. मग सगळ्यांनी भोवती बसून एकेक गोळा तोडून खायचा. माकडासारखे तोडून खातात म्हणून हे नाव पडले, असे म्हणतात. मूळ पदार्थ हंगेरी देशातला. तिकडे त्याला 'अरान्यगालुश्का', म्हणजे सोन्याचे गोळे म्हणतात. तिथल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि 1970 नंतर तिथल्या घराघरांत पोचला.

आता आरोग्याच्या सदरात हे मैदा-साखरेचे पुराण कशाला, असे आपण म्हणाल. त्यासाठी आधी आमच्या अक्काची हकिकत सांगितली पाहिजे.

अक्का माझी थोरली बहीण. वय 74. मधुमेह 16 वर्षांचा. मेहुणे गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. घरात डॉक्टर असला की रुग्णाची चैन असते असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात उलट असते. मी अक्कावर पथ्याचा असा काही पहारा बसवला होता की विचारू नका. गणपतीत तिला मोदक नाही. दिवाळीत फराळाचे डबे वरच्या फडताळात, तिचा हात पोचणार नाही तिथे. घरात गोड झाले की तिचे ताट निराळे. पुढे पुढे ती सणाच्या दिवशी आमच्याआधीच जेवून आतल्या खोलीत जाऊन पडू लागली. मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट, अक्का पथ्य छान पाळते, असे मी पाहुण्यांना सांगत असे.

पण तपासण्या वेगळेच सांगत होत्या. मागील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए1सी ही तपासणी केली, तर आकडा 9.1. मी गोळीचा डोस वाढवला. तरी उतरेना, म्हणून पुन्हा वाढवला.

गेल्या आषाढी एकादशीला अक्काने कडक उपवास धरला. पाण्याशिवाय काही नाही. सकाळची गोळी मात्र इमानाने घेतली. अकराच्या सुमारास सौ.ला ती तुळशीपाशी बसलेली दिसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. यंत्रावर साखर पाहिली तर 46. शुद्ध होती म्हणून वेळ निभावली. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, 15 मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा पाजली, तेव्हा ती भानावर आली. आणखी अर्धा तास कोणाच्या लक्षात आले नसते तर काय झाले असते, हे मी डॉक्टर असल्यामुळे मला नीट ठाऊक आहे.

संध्याकाळी तिची खोली आवरताना सौ.ला पोथीच्या कापडात गुंडाळलेला पेढ्यांचा पुडा सापडला. शेजारी बिस्किटांचे दोन पुडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्का चोरून खात होती, त्यामुळे साखर वाढत होती. मी त्या चोरीच्या साखरेवर गोळी वाढवत होतो. ज्या दिवशी तिने काहीच खाल्ले नाही, त्या दिवशी ती वाढीव गोळी तिच्या जिवावर उठली. चूक अक्काची म्हणायची की माझी? मी रागाने विचारले, "अक्का, हे कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, चोरून खाल्लं की कुणी 'नको' म्हणत नाही, एवढंच."

मी गोळी कमी केली. पण तिला पंगतीत परत कसे आणायचे ते सुचेना. ताटात अर्धा मोदक वाढला तरी ती "मला नको" म्हणून बाजूला सारी. इतक्या वर्षांच्या पहाऱ्यानंतर माझ्यावर विश्वास का ठेवावा तिने?

या पार्श्वभूमीवर नातीचा मंकी ब्रेड घरात आला.

लेकीच्या मूळ कृतीत घोळवायला आणि वरून ओतायला मिळून 300 ग्रॅम साखर होती. मी म्हटले, बाई, एवढी साखर आपण महिन्यात वापरू. वाटाघाटी झाल्या आणि असे ठरले: पीठ 500 ग्रॅम, त्यात निम्मी कणीक, निम्मा मैदा. पिठात साखर 40 ग्रॅम, घोळवायला 80 ग्रॅम. लोणी एकूण 100 ग्रॅम. कोमट दूध 300 मिलिलिटर, लागेल तसे थोडे अधिक. दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, एक चमचा मीठ आणि दोन चमचे दालचिनी. दूध बोटाला सोसेल इतकेच कोमट हवे. यीस्ट हा सजीव आहे, कढत दुधात तो मरतो आणि मग पाव फुगत नाही.

दालचिनी खलबत्त्यात कुटण्याचे काम माझ्याकडे आले. नातवाने पीठ मळले. थंडीमुळे ते दुप्पट व्हायला दीड तास लागला. मग माजघरात ताटे मांडून गोळे करायला सगळे बसले. कोणाचा गोळा आवळ्याएवढा, कोणाचा बोराएवढा. आतून अक्का बघत होती. तिला राहवेना. दाराशी येऊन म्हणाली, "अगं, अशा भेगा ठेवल्यास तर उकलतील सगळे. तळहातावर वळायचे. सरक जरा." आणि ती बसली. पन्नास वर्षे मोदक आणि लाडू वळलेले हात ते. तिचे गोळे एकसारखे, मापाने पडल्यासारखे. नात मोजू लागली. एकोणतीस आणि एकोणचाळीस या दोन आकड्यांना ती अडखळली, ते अक्काने तिच्याकडून तीन-तीनदा म्हणून घेतले. बरोबर चाळीस गोळे झाले.

माळ्यावरचा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन सौ.ने काढून पुसला. भांड्याच्या मध्ये एक लहान स्टीलचा पेला उभा ठेवून भोवतीने गोळे रचले, म्हणजे मधले कच्चे राहत नाहीत. अर्धा तास पुन्हा फुगू दिले आणि पस्तीसेक मिनिटे भाजले. दालचिनीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असावा, कारण शेजारच्या काकू काही कारण नसताना विचारपूस करून गेल्या.

भाजेपर्यंत मी अक्काला हिशेब सांगितला. एकूण साखर 120 ग्रॅम, गोळे चाळीस. म्हणजे एका गोळ्यात 3 ग्रॅम, पाऊण लहान चमचा. पीठ धरून एका गोळ्यात सुमारे 12 ग्रॅम पिष्ट-शर्करा आणि 75 ते 80 उष्मांक. दोन गोळे खाल्ले तर साधारण एका पोळीची भर झाली. तेव्हा दोन गोळे खा आणि रात्री एक पोळी कमी घे. अक्काने विचारले, "आणि तू किती खाणार?" मी म्हटले, "दोनच." ती नातवंडांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? मोजा रे याचे."

त्या दिवशी सोळा वर्षांत पहिल्यांदा अक्का गोडाच्या ताटाभोवती आमच्याबरोबर बसली. दोन गोळे खाल्ले, बिनसाखरेचा चहा घेतला, नातीचा हात धरून अर्धा तास अंगणात फिरली. खाण्याआधी साखर 142 होती. दोन तासांनी 178. या वयात एवढी चालते. म्हाताऱ्या माणसाची साखर फार खाली ओढण्याच्या हट्टात 46 चा धोका असतो, हे मी आषाढीला शिकलो होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, वाचकहो, की पथ्य घराने पाळावे, एकट्यावर लादू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात एक तरी अक्का आहे. तिला वेगळे ताट द्यायचे आणि आपण तिच्यासमोर चार जिलब्या रिचवायच्या, याला पथ्य म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा, वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवण्याची, ती तुम्हाआम्हा सर्वांसाठी आहे. अक्काला जे माप, तेच घरातल्या सर्वांना लावा. तिच्याही आरोग्याचे भले होईल आणि तुमच्याही.

घरी करण्याचा दुसरा फायदा म्हणजे काय पडले ते दिसते. बेकरीची खारी गोड नसते म्हणून कित्येक मधुमेही ती निर्धास्तपणे रोज चहात बुडवतात. पण खारीत मैदा आणि स्निग्धांश ठासून भरलेला असतो. तेला-तुपातील घातक ट्रान्स स्निग्धांशावर जानेवारी 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट. तरी रोजची खारी ही रोजची खारीच. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून केलेला गोड पाव मला तिच्यापेक्षा कमी घातक वाटतो. मात्र महिन्यातून एकदाच. 'घरचा आहे' म्हणून दर रविवारी केला, तर माझे नाव सांगू नका.

दालचिनीबद्दलही विचारणा होते. दालचिनीने मधुमेह बरा होतो का? 2003 मध्ये पाकिस्तानात 60 रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात साखर उतरलेली दिसली आणि तेव्हापासून हा समज पसरला. पण 2012 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 10 प्रयोगांचा, मिळून 577 रुग्णांचा, आढावा घेतला, तेव्हा दालचिनीची शिफारस करावी इतका पुरावा मिळाला नाही. तेव्हा दालचिनी वासासाठी आणि चवीसाठी घालावी, गोळीच्या ऐवजी नव्हे. शिवाय बाजारात जी जाड, कडक सालीची दालचिनी मिळते, ती बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य असते आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेले तर काहींच्या यकृताला त्रास होतो. रोज एक चमचा पूड पाण्याबरोबर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कागदासारखे पातळ पदर असलेली सिलोनची दालचिनी महाग असते, पण तिच्यात हे द्रव्य नाममात्र असते. चाळीस गोळ्यांत विभागलेल्या दोन चमच्यांची भीती बाळगू नये.

काही सूचना. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणजे मधुमेह्याला मोकळीक, हा गैरसमज काढून टाका. रक्तात सगळ्यांची साखरच होते. मुलांना कच्चे पीठ चाखू देऊ नका, त्यात जंतू असू शकतात. भाजलेल्या पावावरची वितळलेली साखर चटकन भाजते, म्हणून बाहेर काढल्यावर 10 मिनिटे मुलांना लांब ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ज्यांची साखर फार वर-खाली होते त्यांनी माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी घेऊन कडक उपवास कदापि करू नये. उपवास धरायचाच तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलावे. आणि साखर उतरून कोणी बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात काही घालू नका. श्वासनलिकेत जाईल. सरळ दवाखाना गाठा.

लेक-जावई परत गेले. अक्का आता आमच्याबरोबर जेवायला बसते. पोथीचे कापड तिने मला न विचारता स्वतः धुऊन वाळत घातले. साखरेची नोंद ठेवण्यासाठी मी तिला जी वही दिली होती, ती इतके दिवस कोरीच होती. परवा सहज उघडून पाहिली. नाताळच्या आठवड्यातल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'गोळी एक. गोळे दोन. भावाने तीन खाल्ले.'