उपसरपंचकी घ्यावी, पण काम मागून घ्यावी

शेतकरी व कारागीर बांधवहो,

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की गुलाल उधळतो तो सरपंचाच्या नावाने. पुढे पंचायतीच्या पहिल्या सभेत उपसरपंच निवडावयाचा असतो, आणि तेव्हा गावच्या पुढाऱ्यांस आमच्या घरांची आठवण होते. कुणबी, तेली, कोष्टी, सुतार, कुंभार यांपैकी कोणा मेंबराच्या दारी रात्री चार माणसे येतात व म्हणतात, "भाऊ, उपसरपंचकी तुम्हालाच द्यायची ठरली आहे." घरात आनंद होतो, फेटा बांधला जातो, हार पडतात. मात्र या पदावर बसून करावयाचे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो पहिल्याच दिवशी विचारावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

प्रथम कायदा पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने उपसरपंचास मुख्यतः तीन कामे दिली आहेत. सरपंच हजर नसेल तर सभेचे अध्यक्षस्थान घेणे, हे पहिले. सरपंच जी कामे सोपवील ती करणे, हे दुसरे. सरपंचाची जागा रिकामी असेल, किंवा सरपंच सतत पंधरा दिवसांहून अधिक काळ गावाबाहेर असेल, अगर काम करण्यास असमर्थ असेल, तर सरपंचाचे सर्व अधिकार चालविणे, हे तिसरे. एरवी ग्रामनिधीच्या चेकवर सही सरपंचाची व ग्रामसेवकाची. मानधन म्हणाल तर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ते दुप्पट केले, तेव्हा दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावी उपसरपंचाच्या महिना १,००० रुपयांचे २,००० झाले. त्यात बैलजोडीचा चारासुद्धा निघणे कठीण. म्हणजे पदात पैसा नाही, सहीही नाही. जे काही आहे ते सोपवून घेतलेल्या कामात आहे, आणि खुर्ची रिकामी पडेल त्या दिवसाच्या तयारीत आहे.

खेड्याचा हा न्याय थेट मुंबईच्या मंत्रालयापर्यंत लागू आहे. राज्यघटनेत मुख्यमंत्री आहे, इतर मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्द तेथे नाही. त्या नेमणुकांविरुद्ध कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला व सांगितले की उपमुख्यमंत्री हा मुळात एक मंत्रीच होय. त्या नावाने घटनेचा भंग होत नाही. याची दुसरी बाजू अशी की केवळ त्या नावाने अधिकारही वाढत नाही. उलट लोकसभेचे उपाध्यक्षपद घटनेत स्पष्ट लिहिलेले असूनही २०१९ ते २०२४ ही सबंध लोकसभा उपाध्यक्षावाचून संपली. ज्या पदाने कोणाची समजूत निघते ते नसले तरी निर्माण होते, आणि ज्याची कोणास गरज वाटत नाही ते असूनही रिकामे राहते.

महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री आमच्या विदर्भाचे, नासिकराव तिरपुडे. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षास ९९, एका काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मोट बांधली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. तिरपुडे बोलण्यात स्पष्ट, कोणाची भीड न धरणारे. पण ते पद मुळात दोन पक्षांच्या सौद्यातून निघाले होते. मार्चमध्ये आलेले सरकार जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडताच कोसळले, आणि त्याबरोबर ते पदही गेले. माणूस खमका असला तरी सौद्यावर उभे राहिलेले पद सौद्याइतकेच टिकते.

नागपूरचेच दुसरे उदाहरण घ्या. देवेंद्र फडणवीस २०१४ ते २०१९ मुख्यमंत्री होते. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री व्हावयाचे ठरले, तेव्हा आपण मंत्रिमंडळाबाहेर राहू असे फडणवीसांनी जाहीर केले. पण पक्षश्रेष्ठींनी सांगितल्यावर त्याच सायंकाळी त्यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ५ डिसेंबर २०२४ रोजी पारडे फिरले: फडणवीस मुख्यमंत्री आणि शिंदे उपमुख्यमंत्री. यांच्या राजकारणाची बाजू घेणे वा निंदा करणे हा आमचा हेतू नाही. आम्हांस यातून एवढेच घ्यावयाचे की दोघेही रिकाम्या हाताने दुसऱ्या जागी बसले नाहीत. २०२२ मध्ये फडणवीसांकडे गृह व अर्थ ही खाती आली, २०२४ मध्ये शिंद्यांकडे नगरविकास व गृहनिर्माण. एकदा पहिल्या जागी बसलेली माणसे जर दुसऱ्या जागी बसताना खाते पाहून घेतात, तर आमच्या मेंबराने फेट्यावर का समाधान मानावे?

खुर्ची रिकामी पडली म्हणजे काय होते, हेही पाहावे. दिंडोरीचे आदिवासी आमदार नरहरी झिरवाळ मार्च २०२० मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष नाना पटोले यांनी राजीनामा दिला, आणि ३ जुलै २०२२ रोजी नवे अध्यक्ष निवडले जाईपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिने, सभागृहाचा भार उपाध्यक्षावर राहिला. त्याच काळात शिवसेना फुटली आणि सोळा आमदारांस अपात्रतेच्या नोटिसा याच उपाध्यक्षांनी काढल्या. तो तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. नोटिसा योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. पण शोभेचे म्हणून गणले जाणारे पद एका रात्रीत राज्याच्या उलथापालथीच्या मध्यभागी आले, हे खरे ना? गावातही असेच घडते. सरपंच आजारी पडतो, राजीनामा देतो. आणि ऐन उन्हाळ्यात नळयोजना बंद पडलेली असताना लोक उपसरपंचाच्या दारी येतात. त्या दिवशी ज्याला दफ्तर ठाऊक नाही तो ग्रामसेवकाच्या तोंडाकडे पाहत बसतो, आणि त्याची किंमत तहानलेल्या घरांस मोजावी लागते.

आता दोन दोष. एक उपसरपंच नंदीबैलासारखा मान डोलावतो, वाचल्यावाचून ठरावाखाली सही करतो. दुसरा त्याच्या अगदी उलट, आयत्या बिळावरचा नागोबा. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमची एखादी भगिनी सरपंच होते, आणि उपसरपंच तिच्या खुर्चीत बसून म्हणतो, "बाईला काय समजते?" तिच्या जागी आदिवासी वा दलित बांधव असला तरी हीच भाषा. आम्ही स्पष्ट म्हणतो, ही चोरी आहे. कायद्याने उपसरपंचास गैरहजर सरपंचाची जागा दिली आहे. हजर असलेल्याची नव्हे. आज जो दुसऱ्याचा हक्क गिळतो, त्याने उद्या आपला हक्क गिळला गेल्यावर रडू नये.

मग करावे काय? पद नाकारू नका. मुख्य नाही तर काहीच नको, ही ऐट आमच्या घरांस परवडणारी नाही. पण होकार देण्यापूर्वी विचारा, "मला काम कोणते?" पाणी, दिवाबत्ती, शाळेची इमारत, घरकुलांची यादी, यांपैकी जे मिळेल ते सरपंचाकडून लेखी घ्या व सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी दिलेले काम तोंडीच परत जाते. दर महिन्याला जमाखर्च वाचा. नमुना आठमध्ये कोणाच्या घराची काय आकारणी आहे ती पाहा. स्वतःला नीट वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला जवळ बसवा व वाचून घ्या; यात कमीपणा नाही. सेवा सोसायटीचे वा दूध संस्थेचे उपाध्यक्षपद आले तरी नियम हाच.

काम द्यावयास कोणी तयारच नसेल, तर समजा की तुम्हांस गाड्याबरोबरच्या नळ्यासारखे यात्रेला नेत आहेत. अशा वेळी हार परत करावा आणि साधे मेंबर राहून सभेत प्रश्न विचारावे. प्रश्न विचारणारा एक मेंबर गावास पुष्कळ उपयोगी पडतो. मुक्या उपसरपंचाचा उपयोग फक्त त्याला मुका ठेवणाऱ्यास होतो.

— एक खेड्यातील शिक्षक