तारखेला कोण येणार?

बोईसरच्या नवापूर नाक्यावरून आमचा मोर्चा चालला होता. वडापावच्या गाडीपाशी एकानं दुसऱ्याला विचारलं, 'कुणाचा रे?' दुसऱ्यानं तोंडातला घास न थांबवता सांगितलं, 'निळ्यांचा.' झालं. प्रश्न मिटला. कुणाला मारलं, कुणी मारलं, कशासाठी मारलं, विचारायची गरजच उरली नाही.

आमच्या वस्तीतल्या पोराला एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझरनं जातीवरून शिव्या घालून मारलं होतं. पोरगा कंत्राटी. दोन दिवस तक्रार घेतली गेली नाही. म्हणून मोर्चा.

मी भडकलो. ह्या मुर्दाड बघ्यांवर जाळ काढायचा म्हणून लिहायला बसलो, आणि हात थांबला. वाढवण बंदराविरुद्ध मच्छीमारांचा मोर्चा पालघरात निघाला, तेव्हा मी स्टेशनबाहेर चहा पीत उभा होतो. मीही विचारलं होतं, 'कुणाचा?' 'मच्छीमारांचा.' झालं. माझाही प्रश्न मिटला. चहा संपवला, डहाणू लोकल पकडून घरी आलो.

दोस्तांनो, आपल्याकडं दुःखालाही जात असते. ज्याचं त्यानं रडावं, दुसऱ्यानं वडा खावा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. कित्येक आठवडे ह्या महाराष्ट्राला झोप लागत होती. नोव्हेंबरात आपली माणसं रस्त्यावर उतरली, तर सरकारला त्यात नक्षलवादी दिसले. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या मुलीसाठी गावोगाव मेणबत्त्या पेटल्या. पेटायलाच हव्या होत्या. पण खैरलांजीच्या वेळी ह्या मेणबत्त्या कुठल्या दुकानात होत्या?

हे त्यांना विचारायचंच. पण आता आपल्याला विचारतो. राग आला तर येऊ द्या.

मोर्चामुळं आमच्या पोराची तक्रार नोंदली गेली. भाषणं झाली. निवेदन देतानाचा फोटो निघाला. त्या फोटोत मी पण आहे, मूठ वळलेली. पुढं केस उभी राहिली. पहिल्या तारखेला आम्ही सात जण गेलो. दुसऱ्या तारखेला दोघं. तिसऱ्या तारखेला पोराची आई एकटी. रोज बुडवून, पदरचं भाडं घालून. संध्याकाळी मला म्हणाली, 'बाबा, त्या दिवशी एवढी माणसं होती. आज कुणीच कसं नाय?'

मावशीला उत्तर काय देऊ? शिफ्ट होती म्हणून सांगितलं. खोटं होतं.

अजून एक लाज सांगतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत ११ वा नियम आहे. पीडिताला आणि साक्षीदाराला कोर्टात यायजायचं भाडं आणि भत्ता मिळाला पाहिजे. मावशीला हे कुणी सांगितलं नाही, कारण आमच्यातल्या कुणी तो नियम वाचलाच नव्हता. घोषणेत कायदा, डोक्यात भुस्सा.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यावर सवर्णांनी तळं आमचं खासगी म्हणून दावा लावला. तो दावा महाडपासून ठाण्याच्या अपिलातून मुंबईच्या हायकोर्टापर्यंत चालला. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. पाणी एका दिवसात प्यालं, ते आपलं ठरायला दहा वर्षं तारखा झाल्या. २० मार्चला आपण गाड्या भरून महाडला जातो. १७ मार्च कुणाच्या लक्षात आहे?

आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची सभा झाली. वेठ करणार नाही असं ठरलं. सभा एक दिवसाची. पण दुसऱ्या दिवशी सावकाराच्या दारात उभं राहून 'नाही' म्हणायचं होतं, आणि तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. ते म्हणाले. म्हणून वेठ मोडली.

कंत्राटी माणसाचा एक खाडा म्हणजे घरातला शिधा, हे मला कुणी शिकवू नये. मीही त्याच गेटवर उभा राहतो. जो येऊ शकत नाही त्याला मी बोलत नाही. जो फोटोपुरता येतो त्याला बोलतो. म्हणजे मलाच बोलतो.

तेव्हा असं करू. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवू. केस कुणाची, तारीख कधी, बरोबर कोण जाणार. शिफ्ट बघून दोन-दोन नावं. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. १७ व्या नियमाप्रमाणं तिनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसलं पाहिजे. कोळगावला मोर्चा नेतो तसा माहितीच्या अधिकाराचा अर्जही नेऊ. समिती कधी बसली, काय बोलली, लेखी मागू. आणि मच्छीमारांचा मोर्चा निघाला, आदिवासींचा निघाला, तर 'कुणाचा?' म्हणून थांबायचं नाही. 'कशासाठी?' विचारायचं, आणि पटलं तर चार पावलं चालायचं.

नाक्यावरचा तो वडापाववाला एका मोर्चानं बदलणार नाही. पण महिन्यामागून महिने तीच माणसं त्याच मावशीबरोबर जाताना दिसली, तर कधीतरी तोही विचारील, 'कशासाठी?'

मावशीची पुढची तारीख लागली आहे. वहीत पहिलं नाव माझं. दुसरी ओळ रिकामी आहे.

जयभीम.