थट्टेची हद्द कोणी ठरवावी?

जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावात भल्या पहाटे दूध संकलन केंद्रापुढे किटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांमध्ये जे बोलणे चालते, ते तिऱ्हाइताने ऐकले तर त्याला भांडणच वाटावे. एखाद्याच्या दुधाला फॅट कमी लागली की मागचा लगेच विचारतो, "आयला, म्हैस विहिरीच्या काठावर बांधतो काय रे?" आणि ज्याला विचारले तोच सर्वांआधी हसतो, कारण विचारणारा त्याचा चुलतभाऊ असतो, गेल्या हंगामात कांदा काढायला त्याच्याच घरची माणसे आपल्या वावरात राबलेली असतात, आणि प्रश्न विचारतानाची मुद्रा डोळ्यांसमोर असते. हेच वाक्य दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले म्हणजे ते वाचणारा कोणी मुंबईत स्थायिक झालेला असतो, कोणी आळेफाट्यावर दुकान चालवणारा, कोणी नुकत्याच सोयरीक जुळलेल्या घरचा. त्यांपैकी एकालाही ती मुद्रा दिसत नाही, आणि थट्टेचा मजकूर दुधात पाणी घातल्याची जाहीर तोहमत होऊन बसतो.

मराठी माणूस पूर्वी सभ्य होता आणि फोनने त्याला शिवराळ केले, हा जो समज हल्ली वारंवार बोलून दाखवला जातो, तो मला मान्य नाही. आपल्या समाजात शिवी होती, भरपूर होती. परंतु ती कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या देखत द्यावी याचा बंदोबस्त पिढ्यानपिढ्या चालत आलेला होता. तो बंदोबस्त मोडला आहे, आणि माझी चिंता त्याविषयी आहे.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे एका ओढ्याच्या दोन काठांवर वसलेली आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतील स्त्रिया आपापल्या काठावर जमतात, वाद्ये वाजू लागतात, आणि पदर खोचून, हातवारे करीत, त्या समोरच्या गावाला शिव्यांची लाखोली वाहतात. यालाच बोरीचा बार म्हणतात. दिवस ठरलेला, स्थळ ठरलेले, मध्ये ओढा. आणि एरवी वर्षभर ज्यांनी घरात आवाज चढवू नये अशी अपेक्षा असते, त्यांनाच त्या दिवशी बोलण्याची मुभा. बार संपला की ज्या त्या घरी जातात. ज्या समाजाने ही प्रथा जपली, त्याला अपशब्दाचे सामर्थ्य कळत नव्हते असे कोण म्हणेल?

आमच्या जुन्नर तालुक्याला तर हे सांगायला दूर जाण्याचेही कारण नाही. नारायणगाव हे तमाशाचे माहेर. जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. गौळणीतील मावशी आणि वगातील सोंगाड्या जे द्व्यर्थी बोलत आले, पाटलापासून प्रधानापर्यंत ज्याची त्याची जी रेवडी उडवीत आले, ती ऐकताना कनातीच्या आत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे की आपण तमाशाला आलो आहोत. गण होऊन गेलेला असे, ढोलकी वाजलेली असे. विनोदाच्या मुलखात प्रवेश केल्याची वर्दी मिळाल्यावाचून विनोद सुरूच होत नसे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दशक्रियेची सूचना, कांद्याचा बाजारभाव, बिबट्या दिसल्याचा इशारा आणि अचकट विनोद हे सर्व एकाच रकान्यात, एकाच आकाराच्या अक्षरांत, एकापाठोपाठ येतात. वर्दी देणारी ढोलकी तेथे नाही.

त्यात प्रांताप्रांताचे भेद. नागपूरकडच्या मित्राचे सहज आलेले 'बे' पुण्याच्या वाचकाला उद्धट वाटते; कोल्हापूरच्या तालमीतले प्रेमाचे संबोधन राजुरीच्या पोराने आपल्या वडिलांदेखत वाचूही नये असे असते. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'मध्ये मच्छिंद्र कांबळी 1980 पासून मालवणीतील शिव्या रंगभूमीवर मोकळेपणाने उच्चारीत आले आणि कुटुंबेच्या कुटुंबे ते पाहायला गेली, ते यामुळे की त्या शिव्यांमागचा गाव, त्या गावाची हौस आणि फजिती समोर दिसत होती. तोच संवाद संदर्भावाचून कापून कोणाच्या हाती दिला, तर उरतो तो नुसता अपशब्द.

आपल्या जुन्या दप्तरांना हा भेद उमगलेला होता, याचे मला फार अप्रूप वाटते. मराठी अमदानीतील इनामपत्रांत आणि करारांत, हा हुकूम हिंदू होऊन मोडील त्यास गाईची आण आणि मुसलमान होऊन मोडील त्यास सुवराची, अशा अर्थाची कलमे आढळतात. दस्तऐवज एक, परंतु वाचणारे भिन्न. आणि एकच वचन सर्वांच्या मनाला सारखे झोंबत नाही हे लिहिणाऱ्या कारकुनाने जाणलेले. आज शेकडो भिन्न वाचकांपुढे अंगठ्याने मजकूर सोडणाऱ्या आपल्याला तेवढेही भान राहू नये?

सरकारने कायदा करावा, पोलिसांनी बघून घ्यावे, असे म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावे. नोव्हेंबर 2012 मध्ये फेसबुकवरील एका साध्या अभिप्रायासाठी आणि त्याला दिलेल्या पसंतीसाठी दोन तरुणींना अटक झाली. त्यातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 मार्च 2015 रोजी रद्द झाले. ज्या कलमाने भाबडा अभिप्राय आणि गलिच्छ शिवी एकाच तराजूत तोलली, ते गेले हे योग्यच झाले. पुढे 2021 मध्ये, गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपवर एका सदस्याने एका स्त्रीविषयी अश्लील भाषा वापरल्याच्या प्रकरणात, सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ग्रुपचालक म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला. तोही मला रास्त वाटतो. पण त्या स्त्रीच्या अपमानाचे काय, हा प्रश्न कायद्याने ग्रुपचालकाच्या माथ्यावरून उतरवला तरी त्याच्या सदसद्विवेकावरून उतरत नाही.

नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर 2024 मध्ये, आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास 500 रुपये दंड करण्याचा ठराव केला. दंडाने जीभ किती आवरेल याविषयी मी साशंक आहे. परंतु हद्द नेमकी कोठे आखावी हे त्या गावाने बरोबर ओळखले. बोरीच्या ओढ्यावर स्त्री स्वतः बोलते, समोरच्या स्त्रीला बोलते आणि उलट उत्तर ऐकून घेते. फोनवरील शिवीत दोन पुरुष भांडतात आणि विटंबना होते ती तेथे नसलेल्या, उत्तर द्यायला मोकळ्या नसलेल्या आईची. जातीवरून केलेली थट्टा याच पंक्तीतली. तिला परंपरेचा दाखला देऊन पाठीशी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ज्याच्यावर ती होते तो हसला तरी ते हसणे संमतीचे समजू नये.

म्हणून राजुरीने आणि आसपासच्या गावांनी आपापल्या ग्रुपचे नियम ग्रामसभेत, स्त्रियांच्या आणि सर्व वस्त्यांच्या हजेरीत, एकदा वाचून मंजूर करावेत. बाजारभाव आणि दुखवट्याच्या सूचना एका ग्रुपवर असाव्यात, थट्टामस्करी दुसऱ्यावर असावी, आणि तेथे ज्याची इच्छा असेल त्यानेच जावे. म्हैस विहिरीवर बांधतो काय, हे विचारायचे झाले तर पहाटे रांगेत विचारावे.