आधीं नांव, मग नाडी

इंग्लंडांत वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉ. केट ग्रेंजर ह्यांस २०११ सालीं असाध्य कर्करोग जडला. २०१३ सालीं स्वतः रुग्णशय्येवर असतां त्यांस दिसून आलें कीं, उपचारास येणारी बरीच मंडळी आपलें नांवही सांगत नाहींत. नुसता रोष न धरतां त्यांनीं ‘नमस्कार, माझें नांव अमुक’ हें साधें वाक्य प्रत्येक वैद्यकसेवकाच्या मुखीं बसविण्याची चळवळ आरंभिली व २३ जुलै २०१६ रोजीं, वयाच्या ३४ व्या वर्षीं निधन होईपर्यंत चालविली. मृत्यूपुढें धैर्य थोर खरेंच. परंतु स्वतःच्या वेदनेंतून परक्याची सोय पाहणें आम्हांस त्याहून थोर वाटतें. रोगी म्हणजे खाटेचा आंकडा नव्हे, हें दाखविण्यास आमच्या दवाखान्यांसही पैसा लागत नाहीं. मग विलंब कां?