लेक्चर बंक? आता नाही!

कॉलेजात असताना 'लेक्चर' या शब्दापुढे एकच क्रियापद यायचं. बंक करणं! पहिलं लेक्चर सकाळी आठचं आणि कॅन्टीनमधला पहिला कटिंगही आठचाच. निवड अवघड नव्हती. आता गंमत बघा. तीच आपली पिढी ऑफिसात दहा तास घासून घरी येते, पाय पसरते, हेडफोन लावते आणि स्वखुशीनं लेक्चर ऐकते! कुणी शेअर बाजाराचं, कुणी मराठेशाहीचं, कुणी ब्लॅक होलचं. अटेंडन्स नाही, फी नाही आणि सर बोअर मारायला लागले की पॉझचं बटण आहेच.

माझा सध्याचा फंडा आहे मेडिकल रिसर्च आणि पब्लिक हेल्थ. थांबा, पान उलटू नका! मला बायोलॉजीत जेमतेम पास व्हायची सवय होती. बेडूक कापायची वेळ आली तेव्हा मी आर्ट्सचा फॉर्म भरला होता. तरीही सांगते, यातली काही लेक्चर्स एखाद्या थ्रिलरइतकी जाम पकड घेतात. शिवाय थ्रिलर बघून घरातल्या बीपीच्या गोळ्यांबद्दल काही कळत नाही, इथे कळतं. पण ती गोष्ट जरा नंतर.

सुरुवात करायची तर हान्स रोसलिंगपासून करावी. हा स्वीडनचा डॉक्टर, कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधला प्राध्यापक. 2006 मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात 'टेड'च्या मंचावर जे भाषण दिलं, ते आजही नेटवर आहे आणि जेमतेम वीस मिनिटांचं आहे. विषय काय, तर देशोदेशींची आकडेवारी. म्हणजे झोपेची गोळीच! पण पठ्ठ्या क्रिकेट कॉमेंट्रीच्या स्टाइलमध्ये बोलतो. पडद्यावर प्रत्येक देशाचा एक फुगा. वर्षं पुढे सरकतात तसे हे फुगे पळायला लागतात. आयुर्मान वाढतंय, कुटुंबं लहान होतायत आणि हा इकडून तिकडे धावत ओरडतोय.

त्यातला एक किस्सा ऐकाच. त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना देशांच्या पाच जोड्या दिल्या. प्रत्येक जोडीतल्या एका देशात बालमृत्यूचं प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट होतं. तो देश कोणता, एवढंच ओळखायचं. श्रीलंका की तुर्कस्तान? मलेशिया की रशिया? स्वीडनच्या हुशार पोरांची सरासरी आली पाचात 1.8. रोसलिंग म्हणतो, दोन केळ्यांवर देशांची नावं लिहून चिंपांझीसमोर धरली असती, तर त्याचे निम्मे बरोबर आले असते! पुढे त्यानं कॅरोलिन्स्काच्या प्राध्यापकांचीही परीक्षा घेतली. मेडिसिनचं नोबेल ठरवणारी हीच ती संस्था. ते आले चिंपांझीच्या बरोबरीला.

रोसलिंगचं आपल्याकडचं कनेक्शनही सही आहे. 1972 मध्ये तो बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात काही काळ शिकायला होता. युरोपातून आलोय म्हणजे वर्गात आपणच पुढे, अशी खात्री. किडनीचा एक एक्स-रे दाखवला गेला आणि भारतीय पोरांनी धडाधड अशी उत्तरं दिली, की त्याला वाटलं आपण चुकून स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या वर्गात बसलोय. होती ती त्याच्याच वर्षाची मुलं! भारतीय पोरं आपल्यापेक्षा सरस निघाली, हे 2009 मध्ये म्हैसूरला झालेल्या टेड इंडियात त्यानं स्वतःच सांगितलं. 2017 मध्ये तो गेला. पण लेक्चर रेकॉर्ड झालेलं असलं की माणूस जातो आणि वर्ग चालूच राहतो.

रोसलिंगचं ऐकून 'माझी अ‍ॅसिडिटीची तक्रार आहे, मला त्या फुग्यांचं काय?' असं वाटलं असेल, तर तुमच्यासाठीही लेक्चर आहे. तेही थेट नोबेलचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. नोबेल मिळालं की विजेत्यानं लेक्चर द्यायचं, अशी प्रथा आहे. त्यांची रेकॉर्डिंग्ज नोबेलच्या साइटवर बघता येतात.

गोष्ट अशी. तेव्हा सगळं जग मानायचं, की पोटातला अल्सर होतो टेन्शननं, अ‍ॅसिडनं आणि अरबटचरबट खाण्यानं. वॉरनना पेशंटच्या पोटातल्या तुकड्यांमध्ये बॅक्टेरिया दिसत होते. एवढ्या अ‍ॅसिडमध्ये बॅक्टेरिया जगतात? कुणाला पटेना. शिवाय लॅबमध्ये ते वाढेनातही. दोन दिवसांत काही दिसलं नाही, की डिश फेकून दिली जायची. 1982 मध्ये ईस्टरची लांबलचक सुट्टी आली, डिश तशाच राहिल्या आणि बॅक्टेरिया उगवले! लाँग वीकएंडनं मेडिसिनचा इतिहास बदलला, असं म्हणायला हरकत नाही.

1984 मध्ये मार्शलनं ते बॅक्टेरिया घोळून चक्क पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या सुरू, तोंडाला घाण वास. पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर सूज! व्हॉट्सअ‍ॅपवर ही गोष्ट फिरते तेव्हा ती इथेच संपते. हीरो जिंकला, टाळ्या! पण नीट बघा. त्याला सूज आली, अल्सर झाला नव्हता. आणि एका माणसाच्या पोटावरून जगाला औषध देता येत नाही. त्यानंतर कित्येक पेशंट्सवर ट्रायल्स झाल्या. काहींना अँटिबायोटिक्स दिली, काहींना नाही. अल्सर परत कुणाला होतो, ते मोजलं. मग 1994 मध्ये अमेरिकेच्या 'एनआयएच'नं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं, तज्ज्ञांची बैठक घेऊन सांगितलं, की हा बॅक्टेरिया असलेल्या अल्सरच्या पेशंट्सना अँटिबायोटिक्स द्या. पिण्यापासून तिथपर्यंत दहा वर्षं! (आणि हो, सगळी अ‍ॅसिडिटी या बॅक्टेरियामुळे नसते. डोकं दुखलं की पेनकिलर ठोकणाऱ्यांनो, त्या गोळ्यांनीही अल्सर होतो. तेव्हा केमिस्टकडे पळू नका, तपासून घ्या.)

माझ्या मते मधल्या या दहा वर्षांसाठीच लेक्चर बघायचं. फॉरवर्ड तुम्हाला फक्त उत्तर देतो. चांगलं लेक्चर ते उत्तर कसं मिळालं ते दाखवतं. किती जणांवर? कोणाशी तुलना करून? कोणाला वगळून?

याच एनआयएचच्या लेक्चर्सचा मोठा साठा 'व्हिडिओकास्ट' नावानं नेटवर आहे. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे हा प्रचंड कॅम्पस. तिथल्या बुधवार दुपारच्या लेक्चर्सना मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन गेलेत. 'डीमिस्टिफाइंग मेडिसिन' नावाची आणखी एक मालिका आहे, त्यात एकाच आजारावर डॉक्टर आणि लॅबमधला शास्त्रज्ञ दोघंही बोलतात. ग्लॅमर शून्य. कॅमेरा एका जागी, स्लाइडवर मुंगीएवढी अक्षरं. रोसलिंगनंतर हे बघणं म्हणजे टी-ट्वेंटीनंतर रणजी. पण शेवटची प्रश्नोत्तरं सोडू नका. कुणीतरी माइकपाशी येतं, एक छोटासा प्रश्न विचारतं आणि तासभर बोललेला दिग्गज माणूस शांतपणे म्हणतो, हे आम्हाला अजून माहीत नाही. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असं वाक्य शेवटचं कधी ऐकलं होतं?

आता ती बीपीची गोष्ट. माझे बाबा नाशिकला असतात, रिटायर्ड. डायबिटिस आहे, बीपी आहे. मध्यंतरी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, '21 दिवसांत बीपीच्या गोळ्या बंद!' बाबांनी फोनवर अगदी सहज सांगितलं, "सोमवारपासून मी गोळी सोडून बघणार आहे." माझ्या पोटात गोळाच आला. लेक्चर झाडून उपयोग नव्हता, मुलीचं कोण ऐकतं? म्हणून वीकएंडला गेले आणि त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचा व्हिडिओ मी पूर्ण बघते, माझा तुम्ही बघा."

माझा व्हिडिओ होता बीपीवरचं एक रेकॉर्डेड लेक्चर, 'स्प्रिंट' नावाच्या ट्रायलबद्दलचं. प्रश्न साधा. वरचं बीपी 140 च्या खाली ठेवलं की पुरे, की 120 च्या खाली आणायचं? पन्नाशीच्या पुढची 9,361 माणसं, दोन गट. 2015 मध्ये ट्रायल वेळेआधीच थांबवली, कारण 120 वाल्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर अशा घटना मिळून साधारण पाव हिश्शानं कमी झाल्या होत्या. पण त्याच गटात बीपी फार खाली जाणं, चक्कर येऊन पडणं आणि किडनीचे त्रास जास्त होते, हेही स्लाइडवर होतं.

बाबा बँकेतले. आकडा दिसला की सरसावून बसतात. बीपी मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवलं होतं, हे ऐकून म्हणाले, "आपल्याकडे जिना चढून धापा टाकत गेलं, की लगेच पट्टा बांधतात!" मग ट्रायलमध्ये कोणाला घेतलं नव्हतं, त्याची स्लाइड आली. डायबिटिसवाले बाहेर.

"म्हणजे माझ्यासारखे त्यात नव्हतेच?"

"नाही."

"मग हा आकडा माझा नाही." दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, पण त्या 21 दिवसवाल्यानं किती जणांना घेतलं होतं? त्यातले किती परत गोळीवर आले?" आम्ही त्याचा व्हिडिओ पुन्हा लावला. "हे काही तो सांगत नाही," बाबा म्हणाले. "नुसता हसतो."

गोळी सुटली नाही. बाबा कागदावर तीन प्रश्न लिहून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि रोज घरी बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं. आता ती वही पासबुकसारखी भरली जाते.

यात एक मेख आहे, तीही सांगते. आम्ही बघितलेलं लेक्चर जुनं होतं. डायबिटिसवाल्यांवर 2010 मध्ये 'अ‍ॅकॉर्ड' ही वेगळी ट्रायल झाली होती आणि तिथे 120 च्या खाली जाऊन एकंदरीत स्पष्ट फायदा दिसला नव्हता. मग 2024 मध्ये चीनमधली 'बीप्रोड' आली. डायबिटिस असलेली 12,821 माणसं आणि तिथे मात्र अशा गंभीर घटना साधारण 21 टक्क्यांनी कमी झाल्या! म्हणजे लेक्चर खोटं नव्हतं, पण त्याच्या तारखेनंतर जग पुढे गेलं होतं. रेकॉर्डिंग कधी म्हातारं होत नाही, त्यातली माहिती होते. बाबांच्या कागदावर आता चौथा प्रश्न आहे, पुढच्या अपॉइंटमेंटसाठी.

आणि हे सगळं इंग्लिशमधूनच ऐकायला हवं असं मुळीच नाही. डॉ. अभय बंग यांची मराठी भाषणं नेटवर शोधा. अभय आणि राणी बंग 1984 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पब्लिक हेल्थ शिकून आले आणि थेट गडचिरोलीला गेले. न्यूमोनिया झालेलं बाळ जोरात श्वास घेतं. पण श्वास मोजणाऱ्या दाईला मोठे आकडे येत नसतील तर? त्यांनी मण्यांचं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. बस! पुढे 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेत 62 टक्क्यांनी कमी! 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. त्या 47 गावांशिवाय हा आकडा नुसता दावा राहिला असता.

तर येत्या वीकएंडला ट्राय करायचं असेल, तर हे घ्या माझे फंडे:

• आधी रोसलिंग 2006, मग मार्शलचं नोबेल लेक्चर. एनआयएच तिसऱ्या आठवड्यात, एकदम नको.

• प्ले करण्याआधी तारीख बघा. औषधोपचाराचं लेक्चर पाच-सात वर्षं जुनं असेल, तर त्यानंतर काय झालं तेही शोधा.

• तीन गोष्टी कागदावर लिहा: किती माणसं, कोणाशी तुलना, कोण वगळलं. तिन्ही सापडल्या नाहीत, तर बोलणाऱ्याचा कोट कितीही पांढरा असू दे, फॉरवर्ड करू नका.

• शेवटची प्रश्नोत्तरं फास्ट फॉरवर्ड करू नका. बोलणाऱ्याचा कस तिथेच लागतो.

• लेक्चर म्हणजे डॉक्टर नव्हे. लेक्चर ऐकून प्रश्न तयार करायचे, गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत.

आणि जमलं तर एकट्यानं बघू नका. आईबाबांना शेजारी बसवा. त्यांच्या फोनवर रोज किती पांढरे कोट येतात, ते बघा एकदा.