विमा किती लाखांचा घ्यावा?

आरोग्य विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत आधी निघतो. व्याज आणि अनिश्चितता यांमुळे उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत, म्हणून ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. आम्ही इथे बोलतो आहोत ते ज्यांचा निर्णय झाला आहे त्यांच्याशी.

बहुतेक जण हप्त्यापासून सुरुवात करतात. वर्षाला इतके झेपतात, मग त्यात बसेल तेवढा विमा. आम्हाला ही पद्धत उलटी वाटते. आजारी पडलो तर आपण कोणत्या दवाखान्यात जाऊ, हे आधी ठरवा. तिथे जाऊन बायपासचा, गुडघा बदलण्याचा आणि आयसीयूच्या एका दिवसाचा खर्च विचारा. तालुक्याच्या गावी आणि पुण्या-मुंबईत या आकड्यांत मोठा फरक पडतो. सर्वांत मोठा आकडा धरा आणि त्यात थोडी भर घाला, कारण पॉलिसी वर्षानुवर्षे चालते आणि दवाखान्याचे दर चढत राहतात.

नुसता लाखांचा आकडा पाहून मात्र भागत नाही. काही पॉलिसींत खोलीचे भाडे रोज विम्याच्या 1 टक्का एवढेच मिळते. 3 लाखांच्या विम्यात ते 3,000 रुपये होते. तुम्ही 6,000 ची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मिळू शकतात. अशा वेळी विमा असूनही दागिने मोडावे लागतात किंवा नातेवाइकांपुढे हात पसरावा लागतो. भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी ती घ्यावी, असे आमचे मत आहे.

अम्मी-अब्बांना आपल्याच फॅमिली पॉलिसीत घालण्याची घाई करू नये. अशा पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि विम्याची रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. अब्बांच्या एका ऑपरेशनमध्ये ती संपली, तर उरलेले वर्ष मुले उघडी पडतात. त्यांची पॉलिसी वेगळी असलेली बरी. आणि हो, त्यांची शुगर किंवा बीपी फॉर्मवर लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी फार तर 3 वर्षे थांबावे लागते, पण लपवले तर ऐन वेळी दावाच नाकारला जाऊ शकतो.

मोठ्या रकमेचा हप्ता झेपत नसेल, तर 5 लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ‘सुपर टॉप-अप’ घेता येते. वर्षभराची बिले मिळून 5 लाखांच्या वर गेली की ते लागू होते, म्हणून स्वस्त पडते. नुसते ‘टॉप-अप’ मात्र प्रत्येक आजारपण वेगळे मोजते. नावे सारखी आहेत, सही करण्यापूर्वी नीट वाचावे.

नोकरीतला विमा नोकरीबरोबर जातो. मुलगा आखातात असेल, तर तिकडचा त्याचा विमा इथल्या आई-वडिलांच्या कामाचा नसतो. ते 70 वर्षांचे झाले असतील, तर आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही आता मर्यादा 5 लाख आहे. दोन्हींत उपचार आणि रुग्णालये ठरलेली असतात, तेव्हा आपला नेहमीचा दवाखाना यादीत आहे का, हे विचारून घ्या. एजंटला बोलावण्याआधी आधार कार्ड घेऊन ही कामे उरकावीत.