सोंगकथा

मी मुरबाड तालुक्यातला; आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. गेल्या वर्षी मी एक कथा लिहिली. तीत फास्टर फेणेला शहापूरच्या माहुली गडावर नेले आणि परग्रहावरच्या पाहुण्यांशी त्याची गाठ घातली. वाचून मित्र म्हणाला, "ही तर उचलेगिरी!" शब्द जिव्हारी लागला.

अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहत्यांनी अशा लेखनाला स्वतःच नाव दिले : 'फॅन फिक्शन'. आरंभी त्याचा अर्थ हौशी चाहत्याने लिहिलेली कथा, एवढाच होता. १९६६ साली 'स्टार ट्रेक' मालिका आली, तिच्यातला स्पॉक चाहत्यांच्या कथांतून हिंडू लागला आणि शब्दाचा अर्थ पालटला. शब्द थट्टेचा असेल, पण घरचा होता.

आपल्याकडे असा शब्द नाही. रीत मात्र आहे. आमच्या भागातील बोहाड्यात रावणाचा मुखवटा जुनाच असतो, नाचणारे पाय ज्याचे त्याचे. त्याला कोणी चोर म्हणत नाही. सोंग चांगले नाचवले, म्हणतात.

म्हणून मित्रहो, अशा लेखनाला 'सोंगकथा' म्हणावे, असे मला वाटते. मात्र मुखवटा भा. रा. भागवतांचा, हे आधी सांगावे. न सांगणे ही उचलेगिरी. सांगून नाचणे नव्हे.